चार कुत्री, एक खेप

कुत्र्यांसाठी गाडी बघतेय असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग सल्ला देतात. हसणं परवडतं, सल्ला परवडत नाही. त्या एप्रिलमध्ये शाळेच्या स्टाफरूममध्ये, वाण्याच्या दुकानात आणि बँकेच्या रांगेत मला इतके सल्ले मिळाले, की शेवटी मी कुणी विचारलं तर "लग्नाचं सामान न्यायचंय" म्हणून सांगायला लागले. त्यावर कोणी हसत नव्हतं.

खरी गोष्ट साधी होती. मला चार कुत्री भिवंडीजवळच्या शेलारहून वज्रेश्वरीच्या अलीकडे आमच्या मूळ गावी न्यायची होती. चारही, एकाच गाडीतून, एकाच खेपेला.

शेलारला वडिलांचा कारखाना होता. आमच्याकडे कारखाना म्हटलं की पत्र्याची लांब शेड, आत ओळीने यंत्रमाग आणि दिवसरात्र खटाखट. मागच्या बाजूला दोन खोल्या, त्यात आम्ही राहायचो. वडील गेल्यावर माग भाड्याने चालत राहिले आणि मी त्या दोन खोल्यांमध्ये राहत राहिले. लग्न केलं नाही, शाळा होती, पुरे होतं. मग थोरल्या भावाने जागा विकायची ठरवली. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिथे गोडाऊन होणार होतं, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी शेड पाडणार होते, आणि माझ्यासाठी भिवंडी शहरात तिसऱ्या मजल्यावर एक भाड्याचा फ्लॅट बघितला होता. त्या फ्लॅटच्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं.

"गल्लीची कुत्री ती, गल्लीत राहतील," दादा म्हणाला. "तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

गल्लीची नव्हती ती. म्हातारीने शेडमध्येच, सुताच्या पोत्यांमागे पिल्लं घातली होती. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. तिच्या पिल्लांपैकी दोघे तगले. एक काळा, आणि दुसरा पांढऱ्या पायांचा, त्याला माग चालवणारे कारीगर मोजेवाला म्हणायचे. चौथी लंगडी. ती बाहेरून आली, मोटरसायकलखाली पाय गेलेली, आणि म्हातारीने तिला ठेवून घेतली. मी चौघांना भाकरी घालायची, त्यापलीकडे मी काही त्यांची मालकीण नव्हते. पण नव्या मालकाचा वॉचमन येऊन बसला, त्याने पहिल्या दिवशी खुर्ची आणली आणि दुसऱ्या दिवशी काठी. तेव्हा मी ठरवलं.

गावाला चुलतभावाची वाडी आहे. वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "आना की. चार काय न् चालीस काय, वाडीला राखन पायजेच हाय." जागेचा प्रश्न मिटला. राहिली गाडी.

एकाच खेपेचा हट्ट का, हे सगळ्यांनी विचारलं. कारण काळ्याला एकदा आमच्या मुकादमाने कोन गावाला, भिवंडीच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं होतं, मेव्हण्याच्या गोडाऊनच्या राखणीला. तिसऱ्या दिवशी काळा परत. सगळी भिवंडी ओलांडून, उड्डाणपुलाखालून, ट्रकांच्या चाकांमधून आला तो. पंजे सोलवटलेले, आणि आल्या आल्या म्हातारीच्या तोंडाला तोंड लावून पडला. एकेकाला नेलं तर पहिला नेलेला उरलेल्यांसाठी परत निघणार, हे मला पक्कं कळलं होतं. वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर कुणासाठी ब्रेक मारत नाहीत. म्हणून चौघं एकदम जाणार, आणि गेल्यावर तिथेच राहणार. एवढंच मला हवं होतं, आणि एवढ्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार होते.

शिक्षिका असल्यामुळे मी आधी मोजमाप घेतलं. शिवणाची टेप घेऊन चौघांची लांबी-उंची वहीत लिहिली. मोजेवाल्याने टेप चावली. मग गाड्या.

रिक्षा पहिल्याच दिवशी बाद. रिक्षावाला मनाने चांगला होता, म्हणाला, "टीचर, बुढियाला आत घ्या, बाकी तीन पिछे पिछे दौडतील." पंचवीस किलोमीटर! मी म्हटलं, तू दौड आधी अंबाडीपर्यंत, मग बोलू.

शाळेची व्हॅन मला मनापासून आवडली होती. दार सरकतं, खिडक्यांना जाळी, मजला खाली. व्हॅनवाल्याला मी चौथीपर्यंत शिकवलेलं, तो नाही म्हणू शकत नव्हता. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि समजलं. दुसऱ्या दिवशी एखाद्या पोराच्या गणवेशाला कुत्र्याचा केस निघाला असता तर त्याच्या पोटावर पाय आला असता. मी स्वतःच विषय बंद केला.

मग भाचा पुढे आला. दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याने नुकतीच बॅटरीवर चालणारी गाडी घेतली होती. मोठी, उंच, मागची सीट आडवी पडणारी. "आत्या, एवढं काय त्यात? माझ्या गाडीतून नेऊ. बसून बघ, आवाजच नाही!"

मी बसले. खरोखरच आवाज नव्हता. गार हवा, मऊ सीट, आणि गाडी चालू आहे की बंद तेसुद्धा कळेना. माझ्या दुखऱ्या कमरेला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हीच. म्हातारीला धक्के नकोत, लंगडीचा पाय सुखात राहील, उन्हाचा त्रास नाही. इतकी चांगली गाडी मला स्वतःलाही कधी मिळाली नव्हती. भाच्याने जुन्या चादरी अंथरल्या, आणि एका रविवारी सकाळी सवयीसाठी म्हणून आम्ही चौघांना घेऊन नदीनाक्यापर्यंत निघालो.

दारं बंद झाली आणि पाचव्या मिनिटाला म्हातारी थरथरायला लागली. काळ्याने मान वर करून असा सूर काढला की भाच्याने दचकून ब्रेक मारला. मग तिघांनी साथ धरली. लंगडी काच खरवडत होती, मोजेवाल्याने चादर सोडून नेमकी सीट ओली केली. मला वाटलं एसीचा वास. एसी बंद केला. वाटलं कोंडल्यासारखं होतंय. काचा उघडल्या. नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा शेजारी एक जुनाट ट्रक धडधडत उभा होता, आणि तेवढा वेळ चौघंही गप्प झाली. मी म्हटलं, चला, रुळली एकदाची. ट्रक सुटला, आम्ही सुटलो, आणि पुन्हा तोच आकांत. भाचा बिचारा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला, ती बोलली.

मी आणखी दोन वेळा तीच गाडी मागितली. हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी म्हणत होते, सवय होईल, हळूहळू कळेल त्यांना. पोरांना पाढे पाठ करायला लावावेत तसं मी त्या मुक्या जिवांना माझ्या आवडीची गाडी आवडून घ्यायला लावत होते. तिसऱ्या खेपेला म्हातारीच्या तोंडाला फेस आला. तिला उचलून घेऊन मी खाली उतरले आणि चालत घरी आले. शेड पाडायला आठ दिवस उरले होते.

गुरुवारी दुपारी भाकरी घेऊन शेडमध्ये गेले. बारापैकी आठ माग आधीच विकले गेले होते, चार अजून चालू होते, शेवटचं कापड उतरवायचं होतं. चौघं कुत्री त्या चालत्या मागांच्या पायाशी, कानठळ्या बसतील अशा आवाजात, पाय ताणून झोपली होती. मी वाटी ठेवली तरी कोणी उठलं नाही. आणि लाइट गेली.

चारही माग एकदम थांबले. त्याबरोबर चौघं ताडकन उठली. म्हातारीला दिसत नाही, ती गोल फिरायला लागली आणि काळ्याने मान वर करून तोच सूर काढला, गाडीतला. शेवटच्या मागावरचा कारीगर हसला. "देखो बाई, लाइट गई और नींद टूटी. अपना भी तो यही हाल है."

मी तिथेच सुताच्या पोत्यावर बसले. जन्मापासून मला हे माहीत होतं. लाइट गेली की आम्ही घरातली माणसं झोपेतून उठून बसायचो, आई विचारायची, काय झालं, आवाज का बंद झाला? पाहुण्यांना आमच्याकडे मागांच्या आवाजाने झोप लागायची नाही, आणि आम्हाला पाहुण्यांकडे शांततेने. आणि ह्या जिवांनी तर डोळे उघडायच्या आधी तो आवाज ऐकलेला. आवाज थांबणं म्हणजे काहीतरी वाईट झालं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांना मी आवाज नसलेल्या डब्यात कोंडून नेत होते, आणि वर कुत्र्यांना कळत नाही म्हणत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला माझाच इतका राग आला की मी मोठ्याने स्वतःला शिवी दिली. कारीगर दुसरीकडे बघायला लागला.

त्याच दुपारी मी टेम्पो स्टँडवर गेले. तिथे छोटे टेम्पो उभे असतात, सुताची पोती आणि कापडाचे तागे वाहणारे. मी विचारलं, "सगळ्यात जास्त आवाज कुणाची गाडी करते?"

सगळे ड्रायव्हर अपमान झाल्यासारखे बघायला लागले. "अरे बहनजी, अपनी गाडी मक्खन है मक्खन," एक म्हणाला. दुसऱ्याने इंजिन चालू करून दाखवलं, किती गुळगुळीत आहे ते. मी म्हटलं मला गुळगुळीत नको, खटारा पाहिजे. मग सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली. कोपऱ्यात एक चाचा टपरीवर चहा पीत बसले होते, पांढरी दाढी, आणि शेजारी त्यांची गाडी. मागचा फाळका साखळ्यांवर लोंबत होता, बाजूचे पत्रे सुटे, हौद्यात एक लोखंडी पहार इकडून तिकडे घरंगळत होती. मी त्यांना सगळं खरं खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी हसलं नाही. चाचांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "तीस साल लूम चलाया है मैंने. समझ गया."

त्यांची गाडी शेडपाशी आणून चौघांना हौद्यात चढवलं. हौदा वरून उघडा, बाजूंना कमरेइतके पत्रे, वर दोरीचं जाळं बांधलं. नदीनाका येईपर्यंत फाळका खटाक खटाक करत होता, मी चाचांच्या शेजारी बसून मागच्या काचेतून बघत होते. कवाड गावाच्या पुढे रस्ता खराब आहे, तिथे तर नुसता कहर. आणि मागे चारही कुत्री एकमेकांवर माना टाकून झोपलेली. म्हातारीचं पोट संथ वरखाली होत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांना दिसू नये म्हणून मी धूळ गेली असं म्हटलं.

ठरलं. रविवारी सकाळी सात वाजता निघायचं.

रविवारी सातला गाडी आली आणि मी ओळखलीच नाही. नवा सायलेन्सर, धुतलेला हौदा, त्यात काथ्याची गादी. फाळक्याच्या कडेने टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकलेल्या, पत्रे आणि फाळक्याच्या ढिल्या बिजागऱ्या वेल्डिंग करून घट्ट केलेल्या. चाचा खाली उतरले, नवा सदरा घातलेला. "बूढ़ी को तकलीफ न हो, इसलिए दो दिन गॅरेज में खड़ी रखी. अब देखो, पत्ता भी नहीं हिलेगा."

मला ओरडायचं होतं. माणसाने स्वतःचा धंदा दोन दिवस बंद ठेवून माझ्या कुत्र्यांसाठी गाडी सजवली होती. तरी मी ओरडलेच. "चाचा, तुम्हाला सगळं कळलं म्हणालात ना!" त्यांचा चेहरा पडला. सुरुवातीला त्यांना उमगलं होतं, पण मग माया आली आणि उमज मागे पडली. माझंही असंच झालं होतं, पण त्या क्षणी तेवढा मोठेपणा माझ्या अंगात नव्हता.

दुसरी गाडी बघायला दिवस नव्हता. पाडकामाचं मशीन शनिवारीच येऊन शेडपुढे उभं राहिलं होतं. चौघांना चढवलं आणि निघालो.

नदीनाका ओलांडायच्या आत रडारड सुरू. चाचांनी गाडी बाजूला घेतली आणि स्क्रूड्रायव्हरने रबराच्या पट्ट्या उपटायला लागले, स्वतःला बोल लावत. पट्ट्या निघाल्या, पण वेल्डिंग कसं निघणार? फाळका नुसता हूं की चूं करेना. तेवढ्यात लंगडी जाळ्याच्या फटीतून अर्धी बाहेर आली, तिला मी मानगुटीला धरून आत लोटलं. तिच्या मागून एक कंटेनर गेला, इतका जवळून की माझी ओढणी उडाली.

मग मी पुढे बसलेच नाही. जाळं सोडून हौद्यात चढले. चाचा म्हणाले, "बहनजी, धूप है, कमर का क्या होगा?" कमरेचं जे व्हायचं ते होवो. माझ्या पिशवीत एक धोटा होता, मागात सूत इकडून तिकडे नेतो तो लाकडी, टोकांना लोखंड लावलेला. वडिलांची आठवण म्हणून सकाळीच शेडमधून उचलला होता. तो घेतला आणि बाजूच्या पत्र्यावर मारायला लागले. खट-खटाक, खट-खटाक. ती लय मला शिकावी लागली नाही. हात आपोआप त्या वेगाने चालला.

पहिल्यांदा म्हातारी थांबली. तिने मान वाकडी करून ऐकलं आणि माझ्या पायाशी येऊन बसली. मग काळा, मग बाकी दोघं. मी थांबले की माना वर. म्हणून थांबायचंच नाही.

उजवा हात भरून आला की डावा. अणगावला बसस्टॉपवरच्या बायका बोट दाखवून हसल्या. एका मोटरसायकलवाल्याने मोबाइलवर शूटिंग केलं, त्याला मी धोटा दाखवला तेव्हा तो पुढे गेला. डोक्यावर ऊन, खाली काथ्याची गादी, पन्नाशी उलटलेली मुख्याध्यापिका होऊ घातलेली बाई भर रस्त्यात पत्रा बडवत चाललीय. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी बघितलं तर काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि गेला. अंबाडीला वळलो तेव्हा तळहाताला फोड आले होते. चाचांनी मधे उतरून आपला रुमाल माझ्या हाताला बांधला आणि पुन्हा गाडी चालू केली. चारही झोपलेली होती.

वाडीवर पोचलो, तेव्हा वहिनी दारात उभी. मी पत्रा बडवतच होते. "ह्ये काय ताई? बँड लावून आनलंत काय कुत्र्यांना?" मी थांबले. आणि मग तिथली शांतता माझ्या लक्षात आली. लांबवर एखादं पाखरू, बाकी काही नाही. चौघांनी माना वर केल्या. काळ्याने सूर काढला.

"ह्ये रोज असाच करनार?" वहिनीने विचारलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती. कुत्री पोचली होती, राहायची बाकी होती. मी म्हटलं, "शाळेला सुट्टी आहे. सवय मोडेपर्यंत मी राहते." दोन दिवसांसाठी आणलेली पिशवी मी आत नेऊन ठेवली.

वाईट सवय एकदम तोडायची नसते, हे मी पहिलीच्या पोरांकडून शिकलेय. पहिल्या दिवशी मी गोठ्याच्या पत्र्यावर धोटा मारत जवळजवळ दिवसभर बसले. दुसऱ्या दिवशी जरा कमी. मग फक्त त्यांच्या झोपेच्या वेळी, मग झोप लागेपर्यंतच. वहिनी आधी कुरकुरली, मग एका दुपारी स्वतःच येऊन म्हणाली, "द्या हिकडं, तुमी जेवा." ती फार हळू मारायची. पण मोजेवाला तिच्याही ठेक्यावर झोपला. तिसऱ्या आठवड्यात मी आवाज न करता नुसती पत्र्याला टेकून बसायची, तेवढ्यावर भागायला लागलं. आणि एका सकाळी उठून बघते तर चौघं गोठ्यात नाहीत. रस्त्याकडे पळत सुटले. ती वाडीच्या मागे, आंब्याखाली, पाय ताणून पडली होती. शांततेत. मी खाली बसले आणि पोटभर रडले. धुळीचं निमित्त सांगायला तिथे कोणी नव्हतं.

जूनच्या आधी शाळेत हजर व्हायचं होतं. चाचांनी न्यायला यायचं कबूल केलं होतं. मी वहिनीला सांगितलं, कुत्र्यांना बांधायचं नाही. ती म्हणाली, "गाडीत चढली तं?" चढली तर मी हरले, आणि परत घेऊन जायला माझ्याकडे जागा नव्हती. पण बांधून ठेवलेली कुत्री राहिली असं मला म्हणता आलं नसतं. मला ते आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

सकाळी गाडी आली. महिनाभरात वेल्डिंग पुन्हा निखळलं होतं, फाळका खटाखट वाजत होता, त्यांच्या जन्माचा आवाज घेऊन ती गाडी थेट वाडीच्या दारात आली. चाचांनी फाळका खाली सोडला. चौघं धावत आली. काळा सगळ्यात पुढे. मी जागची हलले नाही.

काळा फाळक्यापाशी थांबला, त्याने हुंगलं, आणि मग अंगावरचे केस फुलवून भुंकायला लागला. तिघं त्याच्या मागे. म्हातारीसुद्धा, न दिसणाऱ्या डोळ्यांनी, आवाजाच्या दिशेने तोंड करून. चाचा दोन पावलं मागे सरले. दारात परकी गाडी आली होती आणि कुत्री तिला आत येऊ देत नव्हती.

मी प्रत्येकीच्या, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि चाचांच्या शेजारी बसले. गाडी निघाली तशी काळा आणि मोजेवाला भुंकत मागे धावले. मी आरशात बघत होते. ओढ्यावरच्या मोरीपर्यंत आले. तिथे दोघेही थांबले, काळ्याने मोरीच्या कठड्यावर तंगडी वर केली, आणि मागे न बघता वाडीकडे वळला.

मला हेच हवं होतं. ह्याच्यासाठीच मी पंचवीस किलोमीटर पत्रा बडवला होता. तरी मला इतकं वाईट वाटलं की मी पिशवीतला धोटा काढला आणि अंबाडी येईपर्यंत मांडीवर घट्ट धरून बसले.